घर रिकामे करावे

सकाळी साडेदहा वाजता इमारतीचा भोंगा वाजला. नवव्या मजल्यावर कचऱ्याच्या खोलीतल्या पंख्याची मोटर जळाली होती आणि धूर जिन्यात आला होता. घरी असलेली माणसं कुरकुरत खाली उतरली. बाराव्या मजल्यावरचं एक दार उघडलं नाही.

त्या दारामागे इमारतीच्या व्यवस्थापक बाईंची सख्खी आत्या राहत होती.

व्यवस्थापक बाईंना सगळी इमारत ‘मॅडम’ म्हणायची. आत्या ‘बेबी’ म्हणायची. बेबी पन्नाशीला टेकली होती. तळमजल्यावर लिफ्टशेजारी एक पाटी होती, तिच्यावर ‘सुरक्षेसाठी जबाबदार व्यक्ती’ असं लिहून खाली तिचा फोन नंबर दिलेला होता. पाचव्या मजल्यावर राहणारे एक निवृत्त बसचालक, ज्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत, जाता-येता त्या पाटीपाशी थबकायचे. “म्हणजे बाकी आम्ही सगळे बेजबाबदार. असंच ना मॅडम?” पहिल्यांदा ती हसली होती. हल्ली नुसती मान हलवायची.

बंबवाले आले, मोटर काढून घेऊन गेले. पार्किंगमधल्या हिरव्या खांबापाशी जमलेल्या लोकांना परत वर जायला सांगून झालं. मग ती लिफ्टने बाराव्यावर गेली आणि घंटी वाजवली. आतून साखळी सरकल्याचा आवाज आला. दार चार बोटं उघडलं.

“कोण?”

“मी आहे, आत्या.”

“एकटीच?”

“एकटीच. दार काढ.”

“मागे कोणी कागद घेऊन उभं नाही ना?”

“अगं भोंगा वाजला, धूर झाला, सगळी माणसं खाली आली. तू का नाही आलीस?”

आत्याने साखळी काढली. शिवणयंत्रावर निळं कापड तसंच सुईखाली अडकलेलं होतं. म्हणजे भोंगा वाजत असताना बाई शिवत बसल्या होत्या.

“मी नाही घर रिकामं करणार,” आत्या म्हणाली. “तुझ्या कंपनीला सांग. एकदा केलं, तेवढं बास झालं.”

तेव्हा कुठे मॅडमच्या लक्षात आलं की घोडं कुठे अडलंय. दाराशेजारच्या भिंतीवर तिनेच चिकटवलेली सूचना होती. ‘भोंगा वाजताच सर्व रहिवाशांनी घर रिकामे करावे.’ ‘घर रिकामे करावे’ हे शब्द आत्याने शिवणाच्या खडूने अधोरेखित केले होते.

ही सूचना कशी लागली, ते सांगायला हवं. आधी इमारतीत वेगळी सूचना होती. आग तुमच्या घरात नसेल तर घरातच थांबा, दार बंद ठेवा, बंबवाले येतील. ही सूचना आत्याला फार आवडायची. भाडेकरूला घर सोडू नका असं सांगणारी पाटी तिने जन्मात पहिल्यांदा पाहिली होती. तिने तिची एक प्रत मागून घेतली आणि ओट्याच्या वर लावली.

मग तपासणी झाली. इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर शोभेसाठी जे आवरण बसवलं होतं, ते पेट घेणारं निघालं. आग लागली तर ती घराघरांतून न जाता बाहेरून वर चढेल, असं तपासनीसाने लिहून दिलं. आवरण काढायला वेळ लागणार होता. कोणी काढायचं, यावर मालक कंपनी आणि बांधकाम करणारे यांचं अजून भांडण चालू होतं. तोपर्यंत नियम उलटा झाला. आता कोणी घरात थांबायचं नाही. भोंगा वाजला की सगळ्यांनी उतरायचं. रात्रंदिवस मजल्यामजल्यावर फिरायला गस्तवाला नेमला गेला. तो इतक्या नेमाने फिरायचा की मुलांनी त्याचं नाव घड्याळकाका ठेवलं.

आणि रहिवाशांना माहिती देण्याची जबाबदारी जबाबदार व्यक्तीकडे आली. कंपनीच्या कचेरीतून संध्याकाळी मजकूर आला, उद्या सकाळपर्यंत प्रत्येक दारी लागला पाहिजे अशी ताकीद खाली होती. मॅडमने तो वाचला. व्याकरण बरोबर होतं. तिने छापला आणि लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इमारतीत अफवा पसरली की घरं रिकामी करून घेतायत. तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याने सामान हलवायला टेम्पो विचारला. एका सासूबाईंनी सुनेला, तुझ्या माहेरी दोन खोल्या मोकळ्या आहेत का, म्हणून विचारून घेतलं. सुनेने इतक्या वर्षांत पहिल्यांदा सासूकडे प्रेमाने पाहिलं, असं ड्रायव्हरसाहेब सांगत होते.

मॅडमने कचेरीत फोन केला. “मजकुरातला एक शब्द बदलायचाय. ‘रिकामे करावे’ याचा लोक भलताच अर्थ घेतायत. ‘बाहेर पडावे’ लिहू?”

“मजकूर विधी विभागाने मंजूर केलाय मॅडम. बदलता नाही येणार.”

“मग विधी विभागाला विचारा.”

“विचारतो.”

ते विचारत होते. महिना उलटला, तरी विचारतच होते. तिने आपल्या हाताने चिठ्ठ्या लिहिल्या आणि सूचनेखाली चिकटवल्या. ‘रिकामे म्हणजे थोड्या वेळापुरते. घर तुमचेच आहे.’ चौथ्या मजल्यावर कोणीतरी पेनने तिच्याखाली लिहिलं, ‘तसे लेखी द्या.’ मग ती दारोदार फिरली. समजावून सांगून सांगून घसा बसला. बहुतेकांना पटलं. निदान भोंगा वाजल्यावर उतरण्याइतकं पटलं. आत्याच्या घरी मात्र ती शेवटी गेली आणि पाच मिनिटांत निघाली. आत्या घरचीच, तिला काय समजावायचं, असं तिला वाटलं.

खरं तर तिला माहीत असायला हवं होतं. लहानपणी ती आत्याकडेच राहायची. छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या होत्या, आत्याचे यजमान खालीच खिळे जुळवायचं काम करत. छापखान्याच्या मालकाने सांगितलं, छताची दुरुस्ती आहे, दोन दिवस घर रिकामं करा. त्यांनी केलं. तिसऱ्या दिवशी परत आले तर दाराला मालकाचं कुलूप होतं आणि सामान रस्त्याच्या कडेला काढून ठेवलेलं होतं. बेबी त्या दिवशी शिवणयंत्राच्या टेबलावर पाय हलवत बसली होती. येणारे-जाणारे बघत होते. आत्या एका हाताने तिला धरून होती आणि दुसऱ्या हाताने पातेल्यांवर चादर टाकत होती.

आत्याने तेव्हापासून कुठल्याही मालकाच्या कुलपावर विश्वास ठेवला नाही. जिथे राहिली तिथे स्वतःचं पितळी कुलूप लावलं. लावून झालं की ओढून बघायचं, चार पावलं जायचं, परत येऊन पुन्हा ओढून बघायचं. आत्याचे यजमान असताना तिला चिडवायचे, “आता कुलूपच म्हणेल, बाई, सोड मला.”

“आत्या,” मॅडम खुर्चीत बसत म्हणाली, “हे ते नव्हे. हे आगीसाठी आहे.”

“ते छतासाठी होतं.”

“अगं, कंपनीला तुझं घर नकोय.”

“छापखानेवालाही हेच म्हणाला होता. पेढीवर बसवून चहा पाजला होता त्याने आम्हाला.”

“मी कंपनीची माणूस आहे ना इथे? मी तुला फसवेन?”

आत्या म्हणाली, “तू नाही फसवणार गं. पण तुला कोण काय सांगतंय? तुला एक शब्द बदलता आला नाही, तू माझं घर कसं राखशील?”

 मॅडम सकाळपासून उभी होती आणि तिला चहा हवा होता. तिने उठून स्वतःच आधण ठेवलं. ओट्यावरच्या भिंतीवर जुनी सूचना होती, घरातच थांबा. तिने ती काढली. आत्या बघत राहिली.

“काढलीस?”

“ती चुकीची आहे आता.”

“म्हणजे तेव्हा खोटी होती?”

“तेव्हा आवरण कसलं आहे ते माहीत नव्हतं.”

“म्हणजे मी इतकी वर्षं पेटत्या लाकडावर बसले होते, आणि तुमच्या पाटीवर लिहिलेलं, बसून राहा.”

“हो,” मॅडम म्हणाली. “असंच काहीसं.”

आत्याला हसू आलं. तिने कप पुढे केला. “साखर कमी घाल. आणि हे बघ, तू एवढी पाया पडतेस तर मी येईन खाली. पण माझं कुलूप लावून येईन.”

“दाराला लॅच आहे ना. ओढलं की बंद होतं.”

“ते मालकाच्याही किल्लीने उघडतं. माझं कुलूप फक्त माझ्या किल्लीने उघडतं. मला कडी-कोयंडा बसवून दे.”

इथे मॅडमने डोक्याला हात लावला. इमारतीतलं प्रत्येक दार आग अडवण्यासाठी खास बनवलेलं होतं. त्याला भोक पाडायचं नाही, स्क्रू मारायचा नाही, खाली लाकडी पाचर अडकवून उघडं ठेवायचं नाही, हे तिनेच सगळ्यांना सांगितलं होतं. सहाव्या मजल्यावरच्या एकाने दारावर नावाची पाटी ठोकली तेव्हा तिने ती काढायला लावून दार बदलायचा खर्च त्याच्या माथी मारला होता. तो अजून तिच्याशी बोलत नव्हता.

तिने दोन दिवस विचार केला. दार अभंग आणि आत्या आत, की दाराला भोकं आणि आत्या बाहेर. तिसऱ्या दिवशी तिने ओळखीच्या सुताराला बोलावलं. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला, दारावर बोटं वाजवून बघितली आणि म्हणाला, “मॅडम, तुम्हीच ना म्हणत होतात, या दारांना हात लावायचा नाही?”

“मीच म्हणत होते.”

“मग?”

“मग काय? बसव.”

त्याने बसवला. भुसा झाडून घेतला, आणि मॅडमबरोबर तळमजल्यावर लिफ्टमधून बाहेर पडताना त्याने त्या जबाबदार व्यक्तीच्या पाटीकडे एकदा बघून घेतलं. मॅडमला ते दिसलं.

आत्याच्या दुखऱ्या गुडघ्यांचा प्रश्न उरला होता. भोंगा वाजला की लिफ्ट बंद व्हायची आणि आत्याला जिना उतरायला वेळ लागायचा. इमारतीला दोन जिने होते, एक आत्याच्या दाराजवळ आणि दुसरा पलीकडच्या टोकाला. समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहायची. ती म्हणाली, “मी आजींना घेऊन उतरेन, काळजी नको. फक्त माझी दिवसपाळी असेल तेव्हा मी नसणार.” तेव्हा घड्याळकाकांनी यायचं ठरलं. घड्याळकाका मान डोलावून म्हणाले, “मी त्या वेळी वरच असलो तर लगेच येतो. खाली असलो तर चढायला वेळ लागेल मॅडम, खोटं कशाला बोलू?” त्यांचंही वय झालं होतं. मॅडमने कचेरीकडे आणखी एक गस्तवाला मागितला. त्यावर विचार चालू आहे, असं उत्तर आलं.

एका सकाळी त्यांनी तिघींनी मिळून उतरून बघितलं. आत्याने कुलूप लावलं, ओढून बघितलं. जिन्याच्या दारापर्यंत गेली, परत आली, पुन्हा ओढून बघितलं.

“आजी, आग लागली तर एवढा वेळ नसतो,” नर्स म्हणाली.

“आग लागली तर एकदाच ओढेन.”

“शप्पथ?”

“आता शप्पथ कसली? मी काय शाळेत आहे?”

कठड्याला धरून, दर वळणावर टेकत, नर्सच्या दंडाला लटकत आत्या हिरव्या खांबापाशी पोचली. ड्रायव्हरसाहेब तिथे गाडी पुसत उभे होते. “या, या. शेवटचा थांबा!” त्यांनी आत्यासाठी घडीची खुर्ची आणली. आत्या बसली, दम घेतला आणि पदराच्या गाठीतली किल्ली चाचपून बघितली. “बेबी,” ती म्हणाली, “जमलं गं.” तिच्या चेहऱ्यावर मॅडमने बऱ्याच दिवसांनी असा आनंद पाहिला. त्या दिवशी संध्याकाळी मॅडम घरी गेली आणि जेवायच्या आधीच झोपली.

नंतरच्या आठवड्यात वार्षिक तपासणीचं पत्र आलं. बाराव्या मजल्यावरच्या दाराची भोकं तपासनीसाला दिसणार होती. त्याला काय सांगायचं, ते तिने मनाशी जुळवायला घेतलं होतं. अजून नीट जुळलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी पुन्हा भोंगा वाजला.

या वेळी मोटर नव्हती. आठव्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत बॅटरीवरची सायकल चार्जिंगला लावलेली होती, तिने पेट घेतला. बाल्कनीतून ज्वाळा बाहेरच्या आवरणाला लागल्या. मॅडम तळमजल्यावरच्या आपल्या खोलीतून पार्किंगमध्ये धावत आली तेव्हा काळा धूर नवव्या मजल्याच्या खिडक्यांपुढून वर सरकत होता. तपासनीसाने लिहिलं होतं तसाच. माणसं उतरत होती. कोणी अनवाणी, कोणी मांजर छातीशी धरून. या वेळी कोणी कुरकुरत नव्हतं.

ती हिरव्या खांबापाशी उभी राहून एकेक घर विचारत होती. तिसरा आला? आला. सहावा? सहाव्यातला तो न बोलणारा माणूसही आला आणि म्हणाला, “आमच्या मजल्यावर कोणी नाही. मी सगळी दारं वाजवली.” एरवी तिने त्याचे आभार मानले असते. ती फक्त बारावा कुठे आहे, एवढंच विचारत होती.

नर्स दिवसपाळीला होती. घड्याळकाका भोंगा वाजला तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते. तिच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. “चढतोय मॅडम. धूर आहे. दुसऱ्या जिन्याने चढतोय.”

“जपून. जमेल तेवढंच या.”

आत्याचा फोन वाजत राहिला. तो बहुधा शिवणयंत्रावर असणार, आत्या तो तिथेच ठेवायची. बंबवाले आले. त्यांच्या अधिकाऱ्याने विचारलं, “वर कोणी राहिलंय?”

“बाराव्यावर माझी आत्या. गुडघे दुखतात तिचे.”

“घरात?”

“माहीत नाही.”

त्याने दोघांना वर पाठवलं. तेवढ्यात अकराव्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी पुढे आली. तिचा चेहरा काजळीने माखलेला होता. “मॅडम, आजी मला जिन्यात भेटल्या. दहाव्याच्या वळणावर बसल्या होत्या. मी म्हटलं, चला, मी धरते.”

“मग?”

“त्या उठल्या. चार पायऱ्या उतरल्या माझ्याबरोबर. मग थांबल्या. म्हणाल्या, गडबडीत कुलूप ओढून बघितलंच नाही. तू हो पुढे, मी एकदा बघून आले.” मुलीचा आवाज फुटला. “मी ओरडले, आजी, नको. पण त्या वर वळल्या. माझ्या मागे गर्दी होती, मला थांबता आलं नाही.”

ड्रायव्हरसाहेबांनी घडीची खुर्ची आणून खांबापाशी मांडली होती. तिच्यावर कोणी बसत नव्हतं. मॅडमने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. “काका, कुठे आहात?”

बराच वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग आवाज आला, धापा टाकत. “बाराव्यावर पोचलोय. दाराला बाहेरून कुलूप आहे मॅडम. पितळी. ओढून बघितलं, पक्कं आहे.”

“आत्या?”

“इथे नाहीत. पॅसेजमध्ये कोणी नाही. हाका मारल्या.”

“जिन्यात बघा. त्या जिन्यात, त्या ज्या बाजूने...”

“त्या जिन्यात आता शिरता येत नाही मॅडम. खूप धूर आहे.”

अधिकाऱ्याने तिच्या हातातून वॉकीटॉकी घेतला आणि घड्याळकाकांना ताबडतोब दुसऱ्या जिन्याने खाली यायला सांगितलं. ते उतरायला लागले.

चार वाजेपर्यंत बाहेरच्या बाजूची आग आटोक्यात आली होती. बंबवाल्यांनी आत्याच्या बाजूचा जिना दहाव्या मजल्यापर्यंत तपासला होता. तिथल्या वळणावर त्यांना एक चप्पल मिळाली. ती कोणाची, हे अजून कोणी ओळखलं नव्हतं. अकराव्याकडे जाणाऱ्या जिन्यात अजून धूर होता आणि शोध चालू होता. बाराव्या मजल्यावरच्या दाराला कुलूप होतं. आत्या हिरव्या खांबापाशी आलेली नव्हती.